‘जाते’पासून ‘म्हणे’पर्यंत : विष्णुपंत पागनीस यांच्या नटकार्याचा एक विचार

विष्णुपंत पागनीस यांच्याविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे त्याचा सूर बहुधा एकच आहे. ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या बोलपटात त्यांनी अभिनय केलाच नाही, ते तुकाराम झाले, असे हा सूर सांगतो. कॅलेंडरांवर व देवघरांतील तसबिरींत तुकारामबोवांचा म्हणून जो मुखवटा रूढ झाला त्यात पागनीसांच्याच चेहऱ्याची छाया पुष्कळदा आढळते, ही गोष्ट या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे केली जाते. वरवर पाहता ही स्तुती आहे. परंतु नटाने अभिनय केलाच नाही असे म्हणणे म्हणजे त्याला अभिनयाच्या इतिहासातून वजा करणे होय. ज्याचे काम भक्तीच्या खात्यावर जमा झाले त्याच्या विद्येचा हिशेब मग कोणी मागत नाही. पागनीसांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. मराठी संगीत रंगभूमीने जी एक अवघड विद्या पन्नासपाऊणशे वर्षे जोपासली तिचे रूपेरी पडद्यावर काय झाले, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण त्यामुळे दुर्लक्षित राहिले आहे.

प्रचलित समजूत अशी की, संगीत नाटकाच्या नटाला बोलपट मानवला नाही. या समजुतीला आधार आहे. मास्टर दीनानाथांच्या बळवंत कंपनीने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले आणि त्यातून कंपनी सावरली नाही. बालगंधर्व गंधर्व नाटक मंडळी थांबवून प्रभात कंपनीत गेले, १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पुढील चित्रपटांचा करार बाजूला पडला आणि ते रंगभूमीवर परतले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील हरिश्चंद्राच्या भूमिकेतले गोविंदराव टेंबे काहीसे वेगळे वाटतात. पण टेंबे मुळात पेटीवादक व संगीतरचनाकार, नट मागाहून. तेव्हा समजूत कायम राहते. फक्त तिच्या मार्गात एक अडचण आहे, व ती अडचण पागनीस हीच होय. ‘धर्मात्मा’ आणि ‘संत तुकाराम’ यांत अंतर एका वर्षाचे. कंपनी तीच, पुणे तेच, विषय संतचरित्राचा, आणि दोन्ही ठिकाणी मुख्य भूमिकेत असा पुरुष की ज्याने आपले उमेदीचे दिवस स्त्रीवेषात काढले. बालगंधर्व त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे होते, पागनीस चव्वेचाळीसचे. म्हणजे वय आणि स्त्रीपार्टी पूर्वायुष्य ही जी दोन कारणे बालगंधर्वांच्या अपयशासाठी नेहमी दिली जातात, तीच पागनीसांच्या यशालाही चिकटलेली आहेत. एकाच कारणाने दोन विरुद्ध कार्ये घडत नसतात. खरे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

पागनीसांचे चरित्र थोडक्यात सांगता येते. जन्म १८९२ चा, चिकोडीचा. लहान वयात ते नाटक कंपनीच्या मार्गाला लागले. ज्या स्वदेशहितचिंतक मंडळीत केशवराव भोसले ‘शारदा’ करीत पुढे आले, त्याच मंडळीच्या परंपरेत पागनीसांच्या स्त्रीभूमिका घडल्या. मग त्यांनी रंगभूमी सोडली आणि मुंबईत संगीतशिक्षकाचा पेशा पत्करला. भजनगायक म्हणून त्यांचे नाव झाले ते या काळात. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी तुकारामासाठी त्यांना बोलावले तेव्हा ते रंगभूमीवरचे नाणावलेले नट राहिले नव्हते. मुलांना सरगम शिकविणारे आणि भाविकांपुढे अभंग गाणारे गृहस्थ होते. नटाच्या आयुष्यातील ही मधली वर्षे चरित्रकार एका वाक्यात उरकतात. नाट्यगृहातील श्रोता टाळी देण्यासाठी बसलेला असतो, ‘वन्स मोअर’चा हक्क बजावण्यासाठी बसलेला असतो. शाळेतील मुलगा आणि भजनातील म्हातारा हे दोघेही टाळी देत नाहीत. एक शब्द विसरतो आणि दुसरा तो आधीच जाणत असतो. अशांपुढे गाणाऱ्याला तानेपेक्षा शब्दाची काळजी अधिक घ्यावी लागते.

येथे भाषेचा एक मुद्दा उपस्थित होतो, आणि तो या सर्व प्रकरणाच्या मुळाशी आहे. मराठीत उत्तमपुरुषी क्रियापद लिंग दाखविते. पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’. तो ‘मी आलो’ म्हणतो, ती ‘मी आले’. शेक्सपिअरच्या रंगमंचावर मुलगे नायिकांची कामे करीत. परंतु इंग्रजीतील ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तेथील मुलाला वेष, आवाज व हावभाव एवढ्यांतच स्त्रीत्व सांभाळावे लागे. मराठी स्त्रीपार्टी नटाचे काम याहून कठीण होते. त्याच्या प्रत्येक वर्तमानकाळी वाक्याच्या शेवटी व्याकरण उभे असे आणि त्याच्या देहाविरुद्ध साक्ष देई. ‘मी जाते’ हे दोन शब्द उच्चारताना तो आपल्या देहाचे खंडन करीत असे, आणि हे एका प्रयोगात शेकडो वेळा. सर्वच रूपे अशी नाहीत. ‘मी जाईन’ या भविष्यकाळाला लिंग नाही. ‘मी पत्र वाचले’ येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि बोलणारा सुटतो. एखाद्या जुन्या नाटकाच्या नायिकेची भाषणे या दृष्टीने वाचली तर कोठे नटाला व्याकरणाचा भार वाहावा लागतो आणि कोठे श्वास घेता येतो याचा एक आलेखच मिळेल. असे वाचन अजून कोणी पद्धतशीरपणे केलेले दिसत नाही. पदव्युत्तर प्रबंधासाठी तो चांगला विषय आहे.

पागनीसांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. कोल्हापूर-सांगलीकडील बोलीत अनेक स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते खटकते, तेथे ते घरचे बोलणे आहे. चिकोडी याच पट्ट्याला लागून, आणि शेजारी कन्नड, जिच्यात उत्तमपुरुषी क्रियापदाला लिंग मुळीच नाही. तेव्हा चिकोडीच्या मुलाने नाटक कंपनीत जे ‘जाते’, ‘येते’ आत्मसात केले ते त्याच्या परिसरातील बायकांच्या तोंडचे म्हणून नव्हे. तालीममास्तराने शिकविलेले, पुणेरी प्रमाणभाषेचे, केवळ रंगमंचावरचे स्त्रीलिंग म्हणून, असे अनुमान करण्यास हरकत नाही. हे अनुमान खरे असेल तर एक गोष्ट निष्पन्न होते. या नटाला आरंभापासूनच ‘मी’ हा शब्द स्वाभाविक नव्हता. तो शिकून म्हणायचा शब्द होता. बोलणारा आणि बोलला जाणारा यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवून बोलणे, ही त्याची पहिली विद्या.

आता अभंगाकडे वळावे. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो आणि ते तृतीयपुरुषी घालतो. तुकाराम ‘मी म्हणतो’ असे म्हणत नाही. ‘तुका म्हणे’ अशी त्याची मुद्रिका आहे. वाचणाऱ्याला हा केवळ संकेत वाटतो. नटाला मात्र तो प्रश्न आहे. ज्याला तुकाराम व्हायचे आहे त्यालाच तोंडाने ‘तुका असे म्हणतो’ असे सांगावे लागते. म्हणजे ऐन भावनेच्या टोकाला, अभंग जेथे मिटतो तेथे, भूमिका आणि नट यांच्यात संहितेनेच अंतर पाडलेले असते. सामान्य नट येथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो नावावर जोर देतो आणि तुकाराम आत्मप्रौढी मिरवतो आहे असे वाटू लागते; नाही तर तो ते नाव घाईने गिळून टाकतो आणि मुद्रिका निव्वळ शेपूट होते. पागनीस या दोन्ही चुका करीत नाहीत. मुद्रिकेवर येताना त्यांचा आवाज उतरतो, चेहरा किंचित वर जातो, आणि ते नाव एखाद्या तिऱ्हाइताचे असावे तसे, थोड्याशा आपुलकीने उच्चारले जाते. जणू तुका नावाचा कोणी ओळखीचा मनुष्य आहे आणि त्याचा निरोप ते पोहोचवीत आहेत. ही गोष्ट भक्तीने साधत नाही. भक्त पुष्कळ असतात.

त्यातही ‘म्हणे’ हे रूप पाहण्यासारखे आहे. आजच्या मराठीत ‘तो म्हणतो’, ‘ती म्हणते’ असा भेद करावाच लागतो. ‘म्हणे’ हे जुन्या वर्तमानाचे रूप तो भेद करीत नाही. नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे, सर्वांना एकच क्रियापद. संतवाणीच्या भाषेत अशी लिंगनिरपेक्ष रूपे ठायीठायी आहेत, आणि त्याच वाणीत पुरुष कवी गौळणी व विराण्या रचून स्त्रीच्या मुखाने बोलतात. तुकारामाच्या गाथेतही त्या आहेत. ज्या नटाने तरुणपण ‘जाते’ म्हणण्यात घालविले त्याला प्रौढपणी असे व्याकरण लाभले की ज्यात त्याला देहाचे खंडनही करावे लागत नाही आणि मंडनही. ‘जाते’मध्ये मिळविलेली फट ‘म्हणे’मध्ये त्याच्या उपयोगी पडली. पागनीसांच्या तुकारामात जी कोवळीक आहे, चालण्यातला जो हलकेपणा, टाळ-चिपळ्या धरलेल्या बोटांची जी ठेवण, तिला काही टीकाकारांनी ‘बायकी’ म्हटले. त्यात निंदा होती. पण निरीक्षण चूक नव्हते. स्त्रीभूमिकेची तालीम पागनीसांनी टाकून दिली नाही, तिचे सोंग तेवढे उतरविले.

बालगंधर्वांशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक उघड होतो. ती करताना त्यांच्या थोरवीला बाध येण्याचे कारण नाही. बालगंधर्वांचे नाट्यपद ही वेगळ्या जातीची वस्तू होती. भाषण थांबते, पद सुरू होते. शब्द पहिल्या एकदोन आवर्तनांत अर्थ सांगून मोकळा होतो आणि पुढचा सर्व विस्तार स्वराचा असतो. शब्द तेथे स्वराला टेकू देतो. समोरच्या पात्राला उद्देशून आरंभलेले वाक्य हा हा म्हणता प्रेक्षागृहाला उद्देशून होते, आणि प्रेक्षागृहाने ते पुन्हा मागितले की प्रसंगाचा काळ थांबतो. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) यांतील त्यांच्या भूमिकांचे गारूड या थांबलेल्या काळात होते. बोलपटात काळ थांबत नाही. फीत पुढे सरकत राहते. प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो, समोर प्रेक्षक नसतो, आणि यंत्राचा कान इतका जवळ असतो की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची सर्व कला निरुपयोगी ठरते. ‘धर्मात्मा’चे संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते, आणि ते स्वतः भास्करबुवा बखल्यांचे शिष्य व गंधर्व नाटक मंडळीतले गायकनट, त्यामुळे चाली परंपरेतल्याच राहिल्या. बालगंधर्व तेथे एकनाथांच्या मुखाने नाट्यपदाचे व्याकरण बोलत होते. ‘धर्मात्मा’त विषय अस्पृश्यतेचा आहे, आणि त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ सेन्सॉरला खपले नाही यावरून तो किती ज्वलंत होता हे दिसते. पण अशा विषयाला जो थेट शब्द लागतो तो त्या गायकीत मावत नव्हता.

‘संत तुकाराम’चे संगीतकार केशवराव भोळे होते, ही गोष्ट म्हणून निर्णायक आहे. भोळे १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे संगीत करून आलेले होते. त्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, गाण्यांची संख्या कमी झाली आणि गाणे प्रसंगातून उगवून प्रसंगातच संपू लागले. ज्याने नाट्यपदाची सद्दी मोडण्यास हात लावला त्याच संगीतकाराने एका जुन्या स्त्रीपार्टी गायकनटाचा गळा हाताशी घेतला, आणि त्याच्याकडून ताना काढून न घेता शब्द काढून घेतला. शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचलेल्या एका अभंगाची कथा प्रसिद्धच आहे. तो तुकारामाचाच समजून जाणत्यांनीसुद्धा गाथेत शोधला. ही आठवल्यांच्या कौशल्याची साक्ष आहेच; परंतु त्याहून अधिक ती अभंगाच्या घडणीची साक्ष आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या त्या चौकटीत वाक्य बोलण्याच्या क्रमाने उतरते; समास व दूरान्वय तेथे टिकत नाहीत. तीनशे वर्षांनंतरचा मनुष्य ती चौकट वापरून जुन्यासारखा बोलू शकतो, कारण ती बोलण्याचीच चौकट आहे. नाट्यपदाविषयी असे म्हणता येणार नाही.

शिवराम वाशीकरांच्या पटकथेने या बोलण्याला समोर एक दुसरे बोलणे उभे केले, आणि ते जिजाईचे. गौरी या कंपनीत किरकोळ कामे करणाऱ्या नटीकडे ती भूमिका आली. तिच्या बोलण्यात रंगभूमीचा लवलेश नाही. वाक्ये आखूड, क्रियापदावर आपटणारी, आणि रोख सरळ समोरच्यावर. तुकाराम उत्तर देतो ते बहुधा गाण्याने. हा संवाद दोन नटांचा तर आहेच. गद्य आणि पद्य यांच्यातही तो चाललेला आहे. मूल आजारी असता जिजाई त्याला घेऊन देवळात जाते आणि विठोबावर पायातले उगारते, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. मराठीत देवाला एकवचनानेच हाक मारतात. जिजाईही त्याला ‘तू’ म्हणते, तुकारामही ‘तू’ म्हणतो. एक भांडते, दुसरा विनवितो, सर्वनाम एकच. त्यामुळे प्रेक्षकाला या दोघांत भक्त आणि अभक्त असा भेद करता येत नाही. पागनीसांचे श्रेय हे की ते या प्रसंगात गौरीच्या पुढे धावत नाहीत. संगीत नाटकातला मुख्य नट दुय्यम पात्राला इतका वेळ रंगमंच देत नसे.

सालोमालोने तुकारामाला मोहात पाडण्यासाठी पाठविलेल्या नर्तकीचा प्रसंग सहसा उपदेशपर म्हणून दुर्लक्षिला जातो. परंतु समोर कोण आहे ते ध्यानात घेतले तर तो विलक्षण ठरतो. लाडिक स्वर, मान वेळावणे, पदराची हालचाल, ही सर्व सामग्री एके काळी स्वतः पागनीसांच्या पेटीतली होती. एका खऱ्या स्त्रीने ती त्यांच्यासमोर मांडली आहे, आणि ते तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात तिच्यात तिरस्कार नाही, भयही नाही. ती नजर ओळखीची आहे. दिग्दर्शकांना हे अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न गौण.

अर्थात सर्व श्रेय नटाला देणे योग्य होणार नाही. दामले व फत्तेलाल हे मूळचे तंत्राकडचे लोक; त्यांनी कॅमेरा शांत ठेवला आणि नटाच्या चेहऱ्यासमोर गर्दी होऊ दिली नाही. चमत्कारांची दृश्ये, धान्याच्या राशी आणि वैकुंठगमनाचे विमान, आजच्या डोळ्याला भाबडी वाटतात. परंतु जिजाई घरी चुलीपाशी राहते आणि विमान तिच्यावाचून उडते ही कल्पना भाबडी नव्हे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा सन्मान झाला तो सर्वांच्या मिळून कामाचा. पुढे गीता कपूर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात या चित्रपटाचा विचार संतप्रतिमेच्या, तिच्या दर्शनी गुणाच्या अंगाने केला. तो विचार मोलाचा आहे. मात्र त्यात पागनीस दिसतात अधिक, ऐकू येतात कमी. चित्र म्हणून जे स्थिर आहे ते ध्वनी म्हणून सतत काही करीत आहे, ही बाजू मराठी जाणणाऱ्यांनीच भरून काढावयाची होती, आणि ते काम अद्याप व्हावयाचे आहे.

या यशानंतरची पागनीसांची वाटचाल मुंबईत झाली व ती चढती नव्हती. रणजितने १९३९ मध्ये जयंत देसाई यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुलसीदास’ काढला. त्यात पागनीस, लीला चिटणीस व केशवराव दाते होते, आणि संगीतातही पागनीसांचा वाटा होता. १९४० मध्ये प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्ट यांनी ‘नरसी भगत’मध्ये त्यांना नरसी मेहतांची भूमिका दिली; सोबत दुर्गा खोटे होत्या. प्रकाशचा स्टुडिओ अंधेरीला होता. अंधेरी त्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हती. हद्द तेथवर १९५० साली पोहोचली आणि मुलुंड-दहिसरपर्यंत १९५७ साली. मालाडला बॉम्बे टॉकीज १९३४ पासून होती. मोकळी जागा आणि रेल्वेचे स्टेशन यांच्या भरवशावर उपनगरांत उभ्या राहिलेल्या या स्टुडिओंचा विचार उद्योग म्हणून पुष्कळ झाला आहे. भाषेच्या दृष्टीने ती स्थळे काय होती हे कमी पाहिले गेले. ‘नरसी भगत’चेच पाहावे. सौराष्ट्रातले गुजराती निर्माते, जुनागढचा गुजराती संत, बोलपट हिंदी, मुख्य नट कन्नडच्या शेजारी जन्मलेला मराठी, आणि गाण्यांत अमीरबाई कर्नाटकी, ज्यांची बहीण गोहरबाई १९३८ पासून बालगंधर्वांच्या कंपनीत होती. संगीत नाटकाच्या मोडलेल्या घराचे वासे अशा रीतीने अंधेरीच्या शेडमध्ये पुन्हा एकत्र आले होते. कोणाचीही मातृभाषा नसलेल्या हिंदीत ते एकमेकांशी अभिनय करीत होते.

व्याकरणाची सोय येथेही होती. नरसी मेहता आपल्या पदांत स्वतःचे नाव घालतात, तुलसीदासही घालतात. म्हणजे तिन्ही भूमिकांत पागनीसांना मुद्रिका लाभली. तरीही दुसऱ्या व तिसऱ्या भूमिकेत पहिलीचा प्रत्यय येत नाही. याचे कारण हिंदीच्या उच्चारात शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. तुकारामात मुद्रिकेआधी काहीतरी घडत असे: समोर जिजाई होती, कर्ज होते, वह्या इंद्रायणीत गेल्या होत्या. गाणे त्या घडण्याला उत्तर म्हणून येई. पुढच्या बोलपटांत संत आधीच संत असतो. वर वळलेली नजर आणि उतरलेला आवाज या आता शोधून काढलेल्या गोष्टी राहिल्या नाहीत. प्रेक्षकांनी मागितलेल्या झाल्या. नाट्यगृहातला ‘वन्स मोअर’ एका रात्रीत संपे, बोलपटाचा तीन-चार वर्षे चालला. १९४३ च्या ‘महात्मा विदुर’पर्यंत हीच स्थिती होती, आणि त्याच वर्षी पागनीसांचे निधन झाले. अभिनयाला पन्नाशीत जे वळण लागू शकते ते त्यांना लागले असते की नाही, याचा तर्क करण्यात अर्थ नाही.

याच काळात बालगंधर्वांनी आणखी एकदा पडद्याला तोंड दिले. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांनी ‘साध्वी मीराबाई’ काढला. रंगभूमीवरील ‘अमृतसिद्धी’चाच तो चित्रित अवतार. या वेळी बालगंधर्व पुरुष नव्हते, मीरा होते. ‘धर्मात्मा’ फसला तो पुरुषवेषामुळे, या मताची ती जणू कसोटीच होती, आणि निकाल त्या मताच्या विरुद्ध लागला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या देहाने ‘मी येते’ म्हणणे प्रेक्षागृहाने मान्य केले असते, कारण तेथे तसा करार होता. प्रेक्षक तो करार तिकिटाबरोबर घेऊन आत येई. कॅमेऱ्याशी असा करार नव्हता. तो जवळ गेला आणि त्याला देह दिसला. मीरेच्या पदांतही मुद्रिका असते. पण आजूबाजूचे गद्य ‘जाते-येते’चे होते आणि त्याने मुद्रिकेला उभे राहू दिले नाही.

२०११ मध्ये रवी जाधव यांनी ‘बालगंधर्व’ हा चित्रपट केला. त्यात सुबोध भावे यांनी देह दिला आणि आनंद भाटे यांनी गळा. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला, त्यात जितेंद्र जोशी तुकाराम झाले; तेथेही गाणी पार्श्वगायनाची होती. दोन्ही नटांची कामे प्रामाणिक आहेत, आणि गद्य अभिनयाच्या दृष्टीने जोशींचा तुकाराम पागनीसांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. दुष्काळ, सावकारी, घरातले मृत्यू हे सारे त्याच्या चेहऱ्यावर उमटते. मुद्रिकेशी आले म्हणजे मात्र एक नवीनच परिस्थिती उत्पन्न होते. ओठ एकाचे हलतात, नाव दुसरा उच्चारतो, आणि ‘तुका’ हा त्या दोघांपैकी कोणीच नसतो. पागनीसांना जी फट एकाच देहात, एकाच गळ्यात सांभाळावी लागली ती येथे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आधीच पाडून ठेवलेली असते, आणि नटाला तिच्याशी काही कर्तव्य उरत नाही.